फिर्यादीने गाडी कुठे लावायची?

आज मोबाइलवर ई-चलन आलं. नो पार्किंग, ५०० रुपये. सोबतच्या फोटोत माझी गाडी आहे आणि तिच्या मागे नव्या पोलीस ठाण्याची पाटी इतकी स्वच्छ आली आहे की मुद्दाम काढायला सांगितला असता तरी असा फोटो आला नसता. तो निघाला तेव्हा मी त्याच पाटीच्या आत, ठाणे अंमलदारांसमोर, आत्याला घेऊन बसले होते.

आत्याला वीजबिल थकल्याचा फोन आला, फोनवर सांगितलेलं अ‍ॅप तिने घेतलं आणि खात्यातले पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, पण पुढच्या जबाबासाठी ठाण्यात जाणं आलंच. (आत्याने अ‍ॅप घेतलंच कसं, हे कृपा करून कमेंटमध्ये विचारू नका. ते तिला घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय.) तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, वॉकरशिवाय चालता येत नाही.

ठाणं झकास बांधलंय, खोटं कशाला बोलू. उद्घाटनाच्या वेळी तुमच्यातल्याच कितीतरी जणांनी फोटो टाकले होते. काचेचा दर्शनी भाग, महिलांसाठी वेगळा कक्ष, पाण्याचा कूलर, सगळं आहे. फक्त फाटकात गाडी थांबवली की आतून हात येतो, "आत नाही, बाहेर लावा." बाहेर म्हणजे कुठे, तर तो हात रस्त्याकडे वळतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नो पार्किंगचे फलक. आत्याला फाटकापाशी उतरवलं, वॉकर उघडून दिला आणि गाडी पुढे नेऊन एका फलकाखाली लावली. दुसरं काय करणार होते? फाटकात एकट्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला सोडून गल्ल्या धुंडाळत फिरू?

आता आवारात काय आहे ते ऐका. इमारत नवी असली तरी जुन्या ठाण्यातला मुद्देमाल क्रेनने उचलून इथे आणून टाकलाय. अपघातातल्या गाड्या, चोरीच्या दुचाकी, वाळूचा एक ट्रक. एक रिक्षा तर बघत राहावी अशी आहे. हूड फाटलेलं, चाकं जमिनीत रुतलेली, मागच्या सीटमधून एरंडाचं झाड वर आलेलं आणि काचेवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेला गु.र.नं., म्हणजे गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक. त्यातलं साल वाचलं आणि हिशेब करायचं टाळलं. त्या रिक्षाला फाटकातून आत जायची परवानगी आहे. आत्याला घेऊन आलेल्या गाडीला नाही.

एका वकील मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसलीच. म्हणाली, सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलंय, जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं सडवू नका. फोटो घ्या, बंधपत्र घ्या, मालकाला द्या, कुणीच आलं नाही तर कोर्टाच्या हुकमाने लिलाव करा. आता तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्याच्या कलम ४९७ मध्ये मुदतीच घातल्यात. कोर्टाने १४ दिवसांत वर्णन तयार करायचं आणि त्यापुढच्या ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. कागदावर सगळं लखलखीत. एरंड मात्र वाढतोय.

बरं, ठाण्याच्या भिंतीला खेटून कुणाच्याही गाड्या लावू देता येत नाहीत, सुरक्षेचा प्रश्न असतो, हे मला कळतं. मान्य. पण मग सुरक्षित अंतरावर जागा काढा ना! ती काढायचं काम आत्याचं आहे का?

आणि रॅम्प. रॅम्प आहे, कठडाही आहे, आणि त्या कठड्याला टेकवून दुचाकींची रांग आहे. आत्या वॉकर आडवा करून आत शिरायला बघत होती आणि मी एकेक हँडल वळवून तिला वाट करून देत होते. सरकारच्याच मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अपंगांसाठीची पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद आणि दरवाजापासून ३० मीटरच्या आत हवी. इथे तो निळा चौकोनसुद्धा रंगवलेला नाही. दाराशी रंगवलेली एकच जागा आहे आणि ती साहेबांच्या गाडीची.

इथवर तावातावाने लिहिलं, पण त्या दुचाकी कुणाच्या हेही सांगायला हवं. बहुतेक हवालदारांच्या आणि महिला पोलिसांच्या. जबाब लिहून घेणाऱ्या मॅडम रात्रपाळी संपवून बंदोबस्ताला जाऊन परत आल्या होत्या, डोळे तांबारलेले. आत्याला बघून स्वतःची गादीची खुर्ची पुढे केली, "आजी, घाई नाही, आठवेल तसं सांगा" म्हणाल्या. चलन आलं तेव्हा मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्या कसनुसं हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आम्हालापण येतं. ट्रॅफिकवाले वेगळे." त्यांची स्वतःची स्कूटर समोरच्या सोसायटीच्या फाटकात असते, आणि वॉचमन रोज कटकट करतो. या बाईवर काय चिडणार?

चीड येते ती नकाशा काढणाऱ्यावर आणि त्यावर सही करणाऱ्यावर. आपण चार फ्लॅटची इमारत बांधायला काढली तर एका चारचाकीला २.५ बाय ५ मीटर, असे चौकोन नकाशावर आखून दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही. ठाण्याच्या नकाशातही चौकोन असणारच. पण ते आखताना ठाण्यात कोण येतं याचा विचार केला असेल असं वाटत नाही. इथे कुणी हौसेने येत नाही. मुलगी घरी आली नाही म्हणून बाप येतो, मार खाल्लेली बाई येते, अपघातातून वाचलेला येतो. तो माणूस गाडीला जागा शोधत चकरा मारणार, चौथ्या गल्लीत लावून पळत येणार, आणि आत बसल्यावर अर्धं लक्ष मोबाइलच्या टिंगकडे. आत्याच्या जबाबात एका रकमेचा आकडा चुकला तो मी चलन उघडून बघत होते त्याच वेळी. मॅडमनी परत वाचून दाखवला म्हणून कळलं.

ऑनलाइन तक्रार करा, असं कुणीतरी म्हणेलच. करता येते, चांगली सोय आहे. पण नव्या कायद्यातही ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदली जाते. सही करायला माणूस उडत येणार आहे का?

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी हाच रस्ता एका बाजूने मोकळा केला होता, फलकांना पोती गुंडाळली होती. म्हणजे मनात आलं तर जमतं! फार नको, त्यातल्या पाच-सहा गाड्यांएवढी जागा "फिर्यादींसाठी, एक तास" असं लिहून द्या, आणि ठाण्यात आलेल्याला चिठ्ठी द्या, ती काचेवर लावली की चलन नाही.

चलन मी भरणार नाही, तक्रार टाकली आहे. मॅडमनीच सांगितलं, तुम्ही ठाण्यात होता याचा पुरावा म्हणून तक्रारीची पोच जोडा. आत्याला हे कळल्यापासून ती पाचशेची नोट हातात घेऊन मागे लागली आहे. तिला वाटतं, माझ्यामुळे झालं.

तुमच्याकडे नवीन ठाणं झालं असेल तर फिर्यादीची गाडी आत घेतात का, तेवढं खाली लिहा. साहेबांची गाडी कुठे असते ते नको.