याकूब नबींचे अश्रू त्यांच्या मुलांनी पाहिले होते

व अलैकुम अस्सलाम भाई,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दुसऱ्यांदा फजरच्या नमाजनंतर. तुमचं म्हणणं असं की सातव्या महिन्यात बाळ गेल्याचं दुःख, त्यानंतरच्या जागून काढलेल्या रात्री, समुपदेशक बाईंकडे जाणं, हे चारचौघांत सांगणं म्हणजे बेसब्री. मोमिनानं, म्हणजे ईमान राखणाऱ्यानं, गाऱ्हाणं फक्त अल्लाहपुढे मांडावं, याकूब अलैहिस्सलामांसारखं.

मग त्यांचंच बघू. 'माझी व्यथा आणि माझं दुःख मी अल्लाहपुढेच मांडतो', ही सूरह यूसुफची ८६वी आयत. पण हे ते एकांतात बोललेले नाहीत. आधीच्या दोन आयती वाचा. 'हाय यूसुफ' म्हणत ते हरवलेल्या मुलासाठी झुरले, दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडले. मुलं म्हणाली, यूसुफची आठवण काढत काढत तुम्ही झिजून मरून जाल. त्या मुलांना दिलेलं हे उत्तर आहे. 'सब्रे जमील', म्हणजे सुंदर संयम, हे शब्दही याच सूरहत त्यांच्याच तोंडी दोनदा येतात. सब्र करणाऱ्या नबींचं दुःख घरादाराला दिसत होतं आणि अल्लाहनं ते कुरआनात आपल्यासाठीही ठेवलं.

अल्लाहचा पहिला संदेश उतरल्यावर हिरा गुहेतून आपले पैगंबर, हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, थरथरत घरी आले तेव्हा काय म्हणाले? मला पांघरूण घाला. मग पत्नी खदीजा रजि. यांना सांगितलं, मला माझ्या जिवाची भीती वाटते. बीबींनी त्यांना गप्प केलं नाही. तुम्ही नातं जपता, दुबळ्यांचं ओझं उचलता, अल्लाह तुम्हाला कधीच खाली पाहायला लावणार नाही, असा धीर दिला आणि जाणत्या वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. मला जे हवं होतं ते एवढंच होतं, भाई. कुणीतरी आधी ऐकून घ्यावं, मग जाणत्या माणसाकडे न्यावं.

तुम्ही लिहिलंत, डॉक्टरपेक्षा नमाज वाढवा. ते निफासचे, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे, दिवस होते. नमाज मला माफ होती. नमाजची चटई, मुसल्ला, घडी करून कपाटात होता आणि मी त्याच्याकडे बघत दुआ मागत होते. वस्तीतल्या बायका येऊन 'अल्लाची मर्जी' म्हणायच्या. मीही मान हलवायचे, कारण ते खरंच होतं. पण बाळाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. इलाज करा, असं सांगणारी हदीस आपण तापाला लावतो, मग झोप उडालेल्या बाईला का नाही?

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं होतं. माझं दुःख सांगायचा हक्क मला आहे, त्यांचा ऐब उघड करायचा नाही. त्या ओळी काल काढल्या. त्यांची माफीही मागितली.

शेवटी तुम्ही विचारलंत, नवऱ्याला हे चालतं का? ते कुवेतला असतात. बाळ गेलं तेव्हा त्यांना रजा मिळाली नव्हती, आणि नंतर फोनवर आम्ही दोघंही तो विषय टाळत आलो. लेख आधी त्यांनाच पाठवला होता. त्या रात्री त्यांचा फोन आला. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, बाळाला केस होते का गं?

मी सांगितलं, होते. काळे, दाट, तुमच्यासारखे.