१ तास ९ मिनिटं

कालपासून माझी उजवी पोटरी धरलीय आणि त्याला जबाबदार असलेला माणूस आत्ता माझ्यापासून तीन टेबलं सोडून निवांत नाश्ता करतोय. मधेच माझ्याकडे बघून हात पण हलवतोय.

पटकन सांगते. दोन पोरं, एक पाच वर्षांची, एक दोनचा, एक नवरा, एक स्ट्रोलर आणि 'फॅमिली क्रूझ' या शब्दाला भुललेली मी. काल जहाज बंदराला लागलं. मोठीला हिंदी कार्टूनच्या कृपेने 'बंदर' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक, त्यामुळे खाली उतरल्यापासून ती माकड शोधत होती, आणि ते नाहीये हे कळल्यावर जो काही शोक झाला त्यात अर्धा दिवस गेला. उरलेला अर्धा धाकट्याचा हरवलेला बूट शोधण्यात, जो शेवटी स्ट्रोलरमध्येच सापडला. मग मी फोन बघितला तर ४:२१. जहाजावर परत चढायची शेवटची वेळ ४:३०.

आता ज्यांनी हा प्रकार केला नाहीये त्यांच्यासाठी, जहाज थांबत नाही हो. जहाजवाल्यांनीच काढलेल्या सहलीला गेलात आणि त्यांची बस अडकली तर थांबतात, पण आपले आपण हिंडायला गेलात तर तुम्ही आणि तुमचं नशीब, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. आणि आमचे पासपोर्ट कुठे, तर खोलीतल्या तिजोरीत. "बाहेर हरवायला नकोत." हे नवऱ्याचं डोकं, मी काही बोलत नाही.

तर पळालो. जहाज म्हणजे पंधरासोळा मजली बिल्डिंग, ती कितीही लांब असली तरी समोरच दिसते, आणि आपण कितीही पळालो तरी तेवढीच लांब राहते. मी स्ट्रोलर ढकलतेय, नवरा मोठीला काखोटीला मारून मागून येतोय, ती अजून "माकड!" म्हणून रडतेय. धक्क्यावर क्रेनचे रूळ असतात, त्यात स्ट्रोलरचं पुढचं चाक अडकलं, धाकटा खुश झाला आणि "परत!" म्हणाला.

आणि तेव्हा वर बाल्कनीत मला ते काका दिसले. पांढरी टोपी, गळ्यात कार्डाची दोरी. एका हाताने मनगटावरच्या घड्याळावर टिचक्या मारतायत आणि दुसऱ्या हाताने आम्हाला चला चला करतायत, म्हटलं देवमाणूस, ओळख ना पाळख, आपल्यासाठी किती जीव तुटतोय यांचा. शेजारच्या बाल्कनीतून दोघं आली, मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकलं, काकांनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्यांनीच केल्या. मी आयुष्यात कधी पळण्याच्या शर्यतीत नंबर काढलेला नाही. शपथेवर सांगते, त्या टाळ्यांनी मला बळ आलं.

दारातल्या माणसाने माझं कार्ड टिंग करून घेतलं. स्क्रीनवर माझा पहिल्या दिवशीचा फोटो आला, केस विंचरलेला. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग अतिशय मायेने म्हणाला, सावकाश मॅडम, अजून तास आहे.

तर झालं असं होतं की किनाऱ्यावर उतरल्यावर माझ्या फोनने तिथलं नेटवर्क पकडलं आणि मला न विचारता घड्याळ एक तास पुढे केलं. जहाज मात्र आपलीच वेळ धरून चालतं, बंदरातल्या भिंतीवरचं घड्याळ काही का म्हणेना. हे म्हणे आदल्या रात्री खोलीत ठेवलेल्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. असेल. तो कागद धाकट्याने खाल्ला.

आणि धाकटा माझ्याकडेच का, तर पोरांच्या क्लबमध्ये तीन वर्षांखालचं पोर घेत नाहीत. पूलमध्ये डायपरवालं पोर चालत नाही, पोहायचा स्पेशल डायपर घातला तरी नाही. कारण मला समजतं, त्याच पाण्यात मलाही पोहायचंय, पण मग जाहिरातीत पूलच्या कडेला खिदळणारं ते गुबगुबीत बाळ कोणाचं होतं? अख्ख्या जहाजावर एकच डेक असा की जिथे खुर्च्या रिकाम्या, सावली आहे, शांतता आहे, आणि तिथे पाटी, फक्त मोठ्यांसाठी. या पोराला क्रूझमधून मिळालेली एकमेव गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशीच्या सेफ्टी ड्रिलचा भोंगा. सात छोटे, एक मोठा. तो आता रोज पहाटे पाचला वाजवतो, तोंडाने, आणि मोजणी एकदाही चुकत नाही.

असो. काकांकडे येते. आज सकाळी लिफ्ट. स्ट्रोलर असला की लिफ्टची वाट बघणं हाच दिवसातला मुख्य कार्यक्रम असतो, तीन भरून गेल्या, चौथीत काका आणि काकू.

"अरे वा! या या या. ओळखलं का? मी वरून!"

ओळखलं म्हटलं.

"काय पळता हो तुम्ही! मिस्टर जरा कमी पडले, पण तुम्ही म्हणजे... शाळेत खो-खो वगैरे?"

"काका, तुम्हाला माहीत होतं का, तास बाकी आहे ते?"

"मला? अर्थात. आमची अकरावी क्रूझ आहे ही. जहाजावर आलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, आणि वेळ बघायची ती हातातल्या घड्याळात. हे जहाजाच्या वेळेला लावलं की उतरेपर्यंत हात नाही लावायचा."

"मग तुम्ही आम्हाला घड्याळ कशाला दाखवत होतात?"

"दाखवत कुठे होतो? बघत होतो. बरोबर चालत होतं."

"टिचक्या मारत होतात तुम्ही."

"जुनं आहे हो ते."

"आणि तो हात?"

"प्रोत्साहन!"

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती, कोणी उतरत नव्हतं, सगळे ऐकत होते.

"काका, नुसतं ओरडून सांगायचं ना, सावकाश या म्हणून."

काकांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "एवढ्या वरून ओरडायचं? चार लोकांत? बरं दिसतं का ते?"

"टाळ्या चालतात?"

"टाळ्या म्हणजे कौतुक," काका म्हणाले. "आणि एक सांगू का, राग मानू नका. रूळ आला की स्ट्रोलर ढकलायचा नाही, उलटा फिरवून ओढायचा. मोठी चाकं आधी जाऊ द्यायची. तिथे तुमची निदान वीस सेकंदं गेली."

यावर काय बोलायचं. बरं, सल्ला बरोबर आहे हे आणखी वाईट. नवरा तर चक्क मान डोलावत होता.

काकू एवढा वेळ लिफ्टच्या दाराकडे बघत होत्या. उतरताना हळूच म्हणाल्या, व्हिडिओ काढलाय यांनी, हवाय का? मी ताठ मानेने नको म्हणणार होते. पण पाच दिवसांच्या ट्रिपचे जे काही फोटो आहेत त्यात मी नाहीच, कारण काढणारी मी. आम्ही चौघं एकत्र आहोत असं हे एकच काहीतरी. नंबर दिला.

आत्ता तो आलाय. पहिली दहा सेकंदं काकांचा अंगठा आहे. मग धक्का, लांबून मुंगीएवढे आम्ही, स्ट्रोलर अडकतो, मी त्याला लाथ मारते (हे मला आठवत नव्हतं), आणि मागून काकूंचा आवाज येतो, "अहो, सांगा ना त्यांना, तास आहे म्हणून."

आणि काकांचा, "थांब गं. जरा बघू तरी दे."