निष्ठावंत चाहत्याने रुसावे कसे

मपेट्सवर, म्हणजे जिम हेन्सननं घडवलेल्या टीव्हीवरच्या अमेरिकन बाहुल्यांवर, नुसतं प्रेम असून भागत नाही, डिस्नेवर रागही हवा. नागपूरच्या धरमपेठेत बसून हा राग कसा जोपासायचा, ते कुणी शिकवत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी सनावळ्या पाठ करा. कर्मिट बेडूक १९५५ साली जन्मला, जिम हेन्सनच्या आईच्या जुन्या कोटातून; डोळे म्हणजे पिंगपाँगचा चेंडू मधोमध कापलेला. हे सांगताना गळा जरासा दाटून यावा. मग एकदम "२००४" म्हणा आणि गप्प बसा. त्या वर्षी डिस्नेनं मपेट्स विकत घेतले. समोरच्याला हे उमगलं नाही तर तो आपल्यातला नाही. त्याच्या तर्री पोह्याचे पैसे त्यालाच देऊ द्या.

एखादा शहाणा विचारेल, "पण डिस्नेशी सौदा तर १९८९ साली खुद्द हेन्सननंच ठरवला होता न?" ठरवला होता. १६ मे १९९० रोजी तो गेला आणि सौदा फिसकटला. पुढे घरच्यांनी २००० साली सगळी कंपनीच जर्मनीतल्या एका कंपनीला विकली, २००३ मध्ये परत घेतली आणि वर्षभरात मपेट्स डिस्नेला दिले. म्हणजे पोरगी कुणी पळवली नाही, बैठकीत बसून रीतसर दिली. पण सासरच्यांना नावं ठेवायला माहेरच्यांना कारण लागतं का कधी?

आवाजाचा विषय हमखास काढा. हेन्सननंतर कर्मिटला स्टीव्ह व्हिटमायरनं आवाज दिला, २०१७ पासून मॅट व्होगल देतो. "व्हिटमायरची सर नाही," असं म्हणा. हेन्सनच्या जागी व्हिटमायर आला तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते आठवू नका.

मुख्य तक्रार मात्र दुधारी ठेवा. कंपनीनं काही केलं नाही तर "पात्रं कपाटात कुजवली", केलं तर "कशाला हात लावला?" २०१५ ची मालिका एका सीझनमध्ये गुंडाळली, २०२३ ची बँडवाली मालिकाही तशीच. दोन्ही वेळा कडकडीत दुखवटा पाळा. "पाहिली होती का?" असं कुणी विचारलंच, तर नेट स्लो होतं. जून २०२५ मध्ये फ्लोरिडातलं मपेट्सचं थ्रीडी थिएटर बंद झालं, तेव्हा मी स्वतः फुटाळा तलावावर तासभर सुन्न बसलो होतो. फ्लोरिडाला मी गेलेलो नाही. रामटेकच्या पुढे जाणंच होत नाही.

कुणाचा आदर्श ठेवायचा म्हणाल, तर स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ. १९७६ ते १९८१, 'द मपेट शो'चे १२० भाग. हे दोन म्हातारे सज्जात बसून कार्यक्रमाची सालटी काढणार आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खुर्च्यांत हजर. तिकीट परत मागितल्याचं ऐकिवात नाही. आपणही तेच करायचं: सबस्क्रिप्शन भरायचं आणि भरता भरता बोटं मोडायची.

आणि नागपूरकरांकडे तर असं हत्यार आहे, जे फ्लोरिडावाल्यांच्या बापजन्मात नसेल. बडग्या, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा! तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे बडगे निघतात, मग कंपनीचा का नको? चौकातल्या पोरांना गाठा. बांबूच्या कामट्या, तरट, रद्दी, सगळं ते जमवतात. त्यांच्यातला एक विचारेल, "भाऊ, कान गोल काढू का?" "गोलच काढ," म्हणा. आणि नकळत तोंडातून निघून जाईल, "जरा नीट काढ बे, पोरीला मिकी आवडतो." पोरं हसतील. हसू द्या. "घेऊन जा गे मारबत" ओरडायला तेच लागणार आहेत.

शेवटी ते बडग्याच्या अंगासाठी जुने कपडे मागतील. घरी जाऊन ट्रंक उघडाल, तर वरच आईचा जुना हिरवा स्वेटर असेल, कोपरावर विरलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. तो देऊ नका. बाबांचा पायजमा द्या. आणि सीताबर्डीवरून येता येता पिंगपाँगचा एक चेंडू घेऊन या.