व्हिस्की सावर, अंडं आणि माझे गुण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंदूरच्या रेस्टॉरंटांमधल्या व्हिस्की सावर ह्या कॉकटेलला मी दिलेल्या गुणांवर तुम्ही सविस्तर आणि रागाने लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: इतक्या शाकाहारी लोकांच्या शहरात अंड्याच्या फेसाला गुण ठेवणं हा अन्याय आहे, कृतीत पिवळा लेमन असताना मी आपलं लिंबू चालवून घेतलं, आणि एका पेयावरून अख्ख्या बारची पारख होत नाही. शेवटी ‘मराठीत लिहायला दुसरा विषय नव्हता का’ हेही विचारलंत.

आधी अंडं. दहापैकी फेसाला एकच गुण आहे, आणि तो फेसाचा आहे, अंड्याचा नाही. सावर म्हणजे मुळात दारू, आंबट आणि गोड. अंड्याचा पांढरा भाग नंतर आला. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीतही 45 मिलि बर्बन ही अमेरिकी व्हिस्की, 25 मिलि लेमनचा रस, 20 मिलि साखरेचा पाक आणि हवा असेल तरच अंड्याचा पांढरा भाग, असंच आहे. बिनअंड्याच्या सावरला मी अपुरं म्हणणार नाही. पलासियातल्या ज्या जागेची तुम्ही बाजू घेतलीत, तिथे नेमकं उलटं झालं होतं: पेयात अंडं होतं आणि मेनूकार्डावर त्याचा उल्लेख नव्हता. मी विचारलं तेव्हा कळलं. बिस्किटाच्या पुड्यात अंडं असेल तर त्यावर मांसाहाराची खूण छापावी लागते. मग जन्मात अंडं न खाल्लेल्या माणसाच्या हातात न सांगता तो ग्लास द्यायचा? ह्या एका कारणासाठी मी गुण कापले आणि पुन्हा कापीन.

फेस हवाच असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी आहे. त्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्यं घुसळली की छान फेस धरतात. 2015पासून जगभर ते अंड्याऐवजी वापरतात. आपल्याकडे छोले रोज शिजतात, तेव्हा बारवाल्याला वेगळा खर्चही नाही. फक्त चणे मीठ, सोडा, चहापत्ती न घालता वेगळे शिजवायला हवेत. विजयनगरच्या एका बारमध्ये असं सावर प्यायलो. फेस घट्ट होता, अंड्याचा वशट वास नव्हता, आणि वर बिटर्सचे, म्हणजे कडसर अर्काचे, थेंब. फेसाचा पूर्ण गुण त्यांनाच मिळाला, हे तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

लिंबाबद्दल मात्र आपलं जमणार नाही. आपलं कागदी लिंबू म्हणजे मेक्सिकोत मार्गारिटा कॉकटेलात पिळतात तेच फळ. लेमनपेक्षा त्याचा वास तिखट, किंचित कडवटपणाकडे झुकणारा, पण आंबटपणात ते कुठेही कमी नाही. रस थोडा कमी घ्यायचा, पाक जिभेवर बघून घालायचा, की व्हिस्कीशी सुरेख जमतं. शीतगृहातून आलेल्या, साल सुकलेल्या पिवळ्या लेमनपेक्षा मंडईतून सकाळी आलेलं लिंबू मला शंभरदा चालेल. माझा राग आहे तो बाटलीतल्या तयार आंबट मिश्रणावर. पहिल्या घोटातच कळतं: गोड आधी येतं, आंबट घशाशी अडकतं आणि लिंबाचा वास कुठेच नसतो. दुपारी पिळून ठेवलेला रसही रात्रीपर्यंत कडवट होतो. लाकडी-लोखंडी दाबणीत साल चिरडेपर्यंत पिळलं तरी तेच. उन्हाळ्यात लिंबू महागतं, हे मान्य. 2022च्या एप्रिलमध्ये तर किलोला 200 रुपयांच्या पुढे गेलं होतं. पण एका ग्लासाला दोन लिंबं लागतात, आणि ग्लासाची किंमत काय लावतात ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणून ताज्या रसाला तीन गुण, आंबट-गोडाच्या तोलाला चार. हे मापदंड ढिले नाहीत.

उरलेले दोन गुण व्हिस्कीचे. बरेच बार 45च्या जागी 60चा पेग ओततात आणि गिऱ्हाईक खूश होतं. 42.8 टक्क्यांची देशी व्हिस्की 60 मिलि घेतली की साधारण 26 मिलि शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, 45मध्ये 19. मग तोल राखायला रस आणि पाक वाढवावे लागतात, ते कुणी वाढवत नाही. पेय नुसतं जहाल होतं.

एका पेयावरून बार कळतो का? अख्खा नाही. त्यांचे कबाब किंवा गाण्यांचा आवाज ह्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण तीन जिनसांच्या पेयात लपायला जागा नसते. माप, रस, बर्फ, हाताची सवय, सगळं समोर येतं.

आणि मराठी? राजेंद्रनगर, रामबागेतली आपलीच माणसं शनिवारी ह्या टेबलांवर बसलेली असतात. पैसे मोजून काय पितो आहोत, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पलासियाचे गुण आज बदलत नाही. त्यांनी मेनूवर अंडं लिहिलं आणि ऑर्डर आल्यावर लिंबू पिळायला सुरुवात केली, की कळवा. मी पुन्हा जाऊन बसेन, आणि तुम्ही आलात तर तुमचे गुणही शेजारी छापीन.