रूट बीअर, अनंतमूळ आणि रोजचे पाच थेंब

मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरतोय. तिने तो मला पाठवला असता तर वाचून सोडून दिला असता. पण तिने तो न्यू जर्सीतल्या सुनेला पाठवला आणि खाली लिहिलं, "येताना या तेलाची एक बाटली आण. पप्पांच्या गुडघ्यांना होईल आणि पोरांचं रक्तही शुद्ध होईल." म्हणून हे लिहावं लागतंय.

संदेशाचं म्हणणं असं. अमेरिकेतली रूट बीअर, म्हणजे मुळा-सालींच्या स्वादाचं ते फसफसतं गोड पेय, हे आपलंच पाच हजार वर्षांपूर्वीचं अनंतमुळाचं पेय, इंग्रजांनी पळवलेलं. तिच्यातल्या ससाफ्रास नावाच्या मुळाने कॅन्सर बरा होतो, म्हणून कोला कंपन्यांनी 1960 मध्ये सरकारकरवी त्यावर बंदी आणली. आता मिळते ती नकली, शिवाय दारू घातलेली. तेव्हा ससाफ्रासचं तेल मागवा, रोज पाच थेंब सरबतातून घ्या, मुलांनाही द्या, मधुमेह्यांनाही चालतं.

मी शेवटाकडून सुरू करते, कारण बाकीच्या थापांनी कुणाच्या जिवाला अपाय होणार नाही.

ससाफ्रासच्या तेलात सुमारे 80 टक्के सॅफ्रोल नावाचं रसायन असतं. हा आकडा कुठल्या ब्लॉगवरचा नाही, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, नियमातच लिहिलेला आहे. 3 डिसेंबर 1960 ला प्रसिद्ध झालेल्या त्या आदेशाप्रमाणे सॅफ्रोल किंवा ससाफ्रासचं तेल घातलेलं कुठलंही खाद्य तिथे भेसळयुक्त ठरतं. कारण काय? खाण्यातून सॅफ्रोल दिलेल्या उंदरांना यकृताचा कॅन्सर झाला. म्हणजे ज्या पदार्थाने कॅन्सर होतो म्हणून बंदी आली, तोच कॅन्सरचं औषध म्हणून खपवला जातोय! हे लिहिणाऱ्याने बंदीचं साल शोधलं, बंदीचं कारण मात्र त्याला दिसलं नाही.

आता "उंदरांना किती पाजलं होतं ते बघा" असं कुणीतरी म्हणेलच. बरोबर आहे, उंदरांना दिलेली मात्रा माणूस रूट बीअरमधून घेईल त्याच्या कितीतरी पट होती. थोडं सॅफ्रोल जायफळातही असतं आणि श्रीखंडात चिमूटभर जायफळ घातल्याने कुणाला काही होत नाही. पण म्हणून थेट तेल? ऊर्ध्वपातनाने काढलेल्या त्या तेलाचा चमचाभर डोस मोठ्या माणसाच्याही जिवावर बेतू शकतो, लहान मुलांची तर बातच सोडा. पाच थेंब मोजायला बसलेल्या आजीच्या हातून पंधरा पडले तर?

अजून एक गोष्ट, खास सुनेसाठी. सॅफ्रोल हा एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, या अमली पदार्थाचा कच्चा माल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1988 च्या अमली पदार्थविरोधी कराराच्या पहिल्या तक्त्यात त्याचं नाव आहे. ती बाटली बॅगेत घालून विमानतळावर उतरायचं आणि "सासूबाईंनी मागवलंय" म्हणून सांगायचं, हे काही मला ठीक दिसत नाही.

कोला कंपन्यांच्या कटाबद्दल फार लिहायला नको. 1960 नंतर रूट बीअर बंद पडलीच नाही. उत्पादकांनी कृत्रिम स्वाद वापरले, सॅफ्रोल काढून टाकलेला ससाफ्रासचा अर्क वापरायलाही कायद्याने मुभा आहे. कोका-कोलाने 1995 मध्ये बार्क्स ही जुनी रूट बीअर कंपनी विकत घेतली, पेप्सी 'मग' (Mug) या नावाची रूट बीअर विकते. जे पेय दडपायचं तेच विकत बसणारे हे कसले कारस्थानी?

राहिलं आपलं अनंतमूळ. ससाफ्रास हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड, दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं. तिथले मूळ रहिवासी ते औषध म्हणून वापरत होते आणि सोळाव्या शतकात सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस या वैद्याने त्याची युरोपभर ख्याती केली. रूट बीअरमध्ये पडणारी सार्सापरिला ही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची वेल, आपल्या घोटवेलीची बहीण. अनंतमूळ, म्हणजे उपळसरी, या दोन्हींच्या नात्यातली नाही, ती रुईच्या कुळातली. वास आणि उपयोग थोडे जुळतात म्हणून इंग्रजांनी तिला 'इंडियन सार्सापरिला' म्हटलं, बस्स. चोरी झालीच असेल तर ती तिथल्या आदिवासींच्या ज्ञानाची झाली, आपल्या नव्हे.

एक मात्र नाइलाजाने मान्य करते: रूट बीअरचा जन्म औषधी काढ्यातूनच झाला. घरोघरी मुळं-साली उकळून, यीस्ट घालून ती बनायची. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी 1876 च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आणली आणि घरी बनवायची पुडी 25 सेंटला विकली. ती रक्त शुद्ध करते अशी जाहिरातही त्यांनीच केली. म्हणजे रूट बीअरने 'रक्तशुद्धी' ही एका हुशार दुकानदाराची जुनी जाहिरात आहे.

दारूचा आरोपही तेवढाच जुना. यीस्टने आंबवलेल्या पेयात किंचित अल्कोहोल येणारच, यावरून 1895 मध्ये अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्या महिला संघटनेने हायर्सच्या पेयावर बहिष्कार टाकला. गंमत म्हणजे हायर्स स्वतः पक्के दारूविरोधी! रासायनिक तपासणी झाली, अल्कोहोल नगण्य निघालं आणि 1898 मध्ये बहिष्कार मागे घेतला गेला. आजच्या कॅनमध्ये तर फक्त सोड्याचा वायू भरतात. 'हार्ड' लिहिलेली मद्ययुक्त रूट बीअर मिळते, ती वेगळी. आणि मावशी, ज्या उपळसरीचा तुला एवढा अभिमान, तिचं सारिवाद्यासव घे हातात आणि लेबल वाच. आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल त्यात रूट बीअरपेक्षा कितीतरी जास्त असतं.

मधुमेह्यांना चालतं म्हणे! तेलाचं वर सांगितलंच, आणि रूट बीअर म्हणाल तर तिच्या 355 मिलिलीटरच्या साध्या कॅनमध्ये 40 ग्रॅमहून अधिक साखर असते.

सुनेला सांगितलंय, चव बघायचीच असेल तर तिकडे आल्यावर मावशीला एक ग्लास पाज. विंटरग्रीन नावाच्या झुडपाचा स्वाद असतो त्यात, तो स्वाद देणारं मिथाइल सॅलिसिलेटच मुरगळीच्या मलमातही असतं. पहिल्या घोटालाच मावशी ग्लास खाली ठेवेल.