‘फोन तपासा, धाक ठेवा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

वयात आलेल्या मुलांच्या पालकांसाठीचा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला. त्याचं म्हणणं असं: दुपारपर्यंत लोळणं हा आळस, तो मोडून काढा. या वयात मुलं फक्त मित्रांचं ऐकतात, म्हणून धाक ठेवा. फोन गुपचूप तपासत जा. आणि मरणाबिरणाचा विषय काढू नका, नसतं खूळ डोक्यात शिरतं. पाठवणाऱ्यांना मुलांची काळजीच आहे, म्हणून उत्तर लिहितोय.

झोपेचं आधी उरकतो. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. लवकर दिवा घालवला म्हणून डोळा लागत नाही, शाळेची वेळ मात्र तीच राहते. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. सुटीच्या दिवशीचं लोळणं ही बरीचशी आठवडाभराची थकबाकी असते. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायला जरूर सांगा, पण आळशी म्हणू नका.

मित्रांचा मुद्दा अर्धा खरा आहे. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या एका खेळावर प्रयोग केला. १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याहून कितीतरी जास्त मित्र बघत असताना पत्करत. मोठ्यांमध्ये असा फरक पडला नाही. म्हणजे धोका कळत नाही असं नाही, चारचौघांत तोल जातो. तिथे धाक काय करणार? त्यापेक्षा आधीच सांगून ठेवा, “कुठेही अडकलास, कितीही वाजले, तरी फोन कर. मी न्यायला येतो. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.” आणि खरंच विचारू नका. (हे जमणं फार अवघड.)

फोन तपासण्याबद्दल मी अनुभवाने बोलतो. एकदा मुलीचे मेसेज वाचले. तिला कळलं. भांडली नाही, पासवर्ड बदलला आणि पुढचे कित्येक महिने माझ्या प्रत्येक प्रश्नाला “काही नाही” एवढंच उत्तर. हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास मांडला, तो मी नंतर वाचला. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, पाळत ठेवून मिळालेलं नव्हे. मी नेमकी तीच वाट बंद केली होती. मग एका रात्री मी कपड्यांच्या घड्या घालत असताना ती दारात आली. एक पाय आत, एक बाहेर. “बाबा, झोपायचं नाहीये ना लगेच?” मी वर पाहिलं नाही. तोच शर्ट तीनदा घडी केला आणि ती बोलत राहिली. कुणी धमकावतंय, एखादा अनोळखी मोठा माणूस मागे लागलाय असा संशय असेल तर फोन बघावा लागतो, पण मुलाला सांगून.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. मूल आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, “मी नसलो तरी कुणाचं काय अडणार” म्हणत असेल, तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतोय का?” उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, रडून त्यालाच तुमची समजूत काढायला लावू नका. घरातली औषधं हाताबाहेर ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.