एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: 'एकदा पैसे दिले की आवाज आमचा'

नमस्कार. तुम्ही नुसता एक स्टार देऊन थांबला नाहीत, कारणंही लिहिलीत, म्हणून नीट उत्तर देता येतंय. तुमची तक्रार अशी, की व्हॉइस ओव्हरचा, म्हणजे व्हिडिओला माझा आवाज देण्याचा, साधा रेट विचारला तर मी प्रश्नांची सरबत्ती केली, सॅम्पल म्हणून पूर्ण स्क्रिप्ट वाचून दिली नाही, आणि ट्रेनिंग व्हिडिओतला आवाज जाहिरातीत वापरायचा म्हटल्यावर पुन्हा पैसे मागितले. 'एकदा पैसे दिले की आवाज आमचा,' असं तुम्ही म्हणता. खरा वाद तिथेच आहे, म्हणून आधी तेच घेते.

तुम्ही पैसे दिलेत ते कर्मचाऱ्यांना दाखवायच्या व्हिडिओचे. कोटेशनमध्ये 'फक्त अंतर्गत वापरासाठी, जाहिरातीसाठी नाही' असं लिहिलं होतं आणि तुमचा होकार मेलवर आला होता. ट्रेनिंगचा व्हिडिओ कंपनीबाहेर जात नाही. जाहिरात सुरू झाली की मात्र माझा आवाज तुमच्या मालाशी जोडला जातो. ती चालू असेपर्यंत त्याच धंद्यातली दुसरी कंपनी मला सहसा बोलावत नाही, आणि बोलावलं तरी मी जाणं बरोबर नाही. हे हातचं जाणारं काम रेटमध्ये धरावंच लागतं. म्हणून जाहिरातीचा रेट ती टीव्हीवर, रेडिओवर की सोशल मीडियावर लागणार, कुठल्या भागात आणि किती महिने, यावर ठरतो. ३० सेकंदांची जाहिरात तीन महिने एका शहरात चालणं आणि वर्षभर देशभर चालणं यांचा रेट एक असू शकत नाही. शिवाय 'आवाज आमचा' म्हणून कोणी तेच रेकॉर्डिंग वापरून एआय क्लोन, म्हणजे माझ्या आवाजाची कॉम्प्युटरवरची हुबेहूब नक्कल, बनवला तर माझ्या पोटावरच पाय येतो. त्याला लेखी परवानगी लागते, ही अट माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये असते.

आता प्रश्नांबद्दल. 'दोन मिनिटांचा व्हॉइस ओव्हर, रेट सांगा' एवढ्यावर मी आकडा सांगितला असता तर तो अंदाजपंचे झाला असता. दोन मिनिटांची म्हणून आलेली स्क्रिप्ट मोठ्याने वाचली की बरेचदा तीन मिनिटांची भरते. तयार व्हिडिओच्या टायमिंगवर वाचायचं असेल तर वेळ आणखी वाढतो. फाइलही कामाप्रमाणे बदलते: व्हिडिओला साधारण ४८ किलोहर्ट्झची, म्हणजे जास्त बारकावे टिपणारी फाइल लागते, तर फोनवरच्या आयव्हीआरला ('मराठीसाठी एक दाबा' सांगणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला) बरेचदा ८ किलोहर्ट्झची. हे आधी विचारलं नाही तर बिल मध्येच वाढतं, आणि ते मला अजिबात पटत नाही.

सॅम्पल मी दिलं होतं. तुमच्याच स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या ओळी दोन वेगळ्या टोनमध्ये, विनामूल्य. पूर्ण स्क्रिप्ट वाचून दिली असती तर ते सॅम्पल राहिलं नसतं, कामच झालं असतं.

आणखी एक गोष्ट पैशांपलीकडची आहे. तुमच्या व्हिडिओत 'आता हिरवं बटण दाबा' हे वाक्य मी मुद्दाम सावकाश, सपाट म्हटलंय आणि त्यानंतर जागा सोडलीय, कारण ऐकणाऱ्याला स्क्रीनवर ते बटण शोधायचं असतं. जाहिरातीत तीच जागा मेलेली वाटेल. लोक पुढे सरकतील. त्यामुळे वापराचे जादा पैसे भरून तेच रेकॉर्डिंग जाहिरातीत लावा, असं मी तुम्हाला सुचवणारही नाही. जाहिरातीसाठी वेगळं वाचन हवं, नवी छोटी स्क्रिप्ट हवी.

बजेट कमी असेल तर सरळ सांगा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. रेट तोडण्याऐवजी मी वापर कमी करून देते: फक्त सोशल मीडिया, फक्त तीन महिने. जाहिरात चालली तर मुदत वाढवू, त्याचा दरही आत्ताच लिहून देईन. तुमच्या जुन्या मेलवर तीन महिन्यांचा वापर आणि मुदतवाढ, या दोन्ही पर्यायांचं कोटेशन पाठवलंय. ट्रेनिंग व्हिडिओ आहे तसा हवा तितकी वर्षं वापरा, त्याचं वेगळं काही लागणार नाही.